आजोबांची दुनळी

माणगावच्या खाचरांत भात पोटरीला आलं की रानडुकरांची चाहूल लागते आणि पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची जुनी दुनळी कपाटातून बाहेर येते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. पीक नासणाऱ्या डुकरावर बार काढायलाही वनखात्याची लेखी परवानगी लागते. ती मिळाली तरी काडतूस कुठलं, हा प्रश्न उरतोच. जुन्या १२ बोअरच्या बंदुकीचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, अनेकदा ६५ मिलिमीटरचं असतं. ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात बसतं, आणि तिथेच घात होतो: ती लांबी बार उडाल्यानंतरची असते, काडतुसाचं तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. पूर्ण चोकची, म्हणजे तोंडाशी आवळलेली नळी ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात सुमारे ७० टक्के छर्रे टाकते; मोकळी नळी सुमारे ४० टक्के. म्हणून जवळच्या बाराला मोकळी नळी बरी, आणि एकगोळी काडतूस आवळलेल्या नळीतून झाडूच नये. नळीवर दमास्कसची लहरी नक्षी दिसली, तर आजचं बिनधुराच्या दारूचं काडतूस भरण्याआधी बंदूक परवानाधारक कारागिराला दाखवा. वारशात बंदूक येते. परवाना आणि नळीची ताकद मात्र तपासूनच घ्यावी लागते.