विश्लेषण : कोळंबीचा भाव नगावर, वाण आणि पोषण कोण पाहणार?

तळ्याकाठी कोळंबीचा सौदा होतो तो ‘काउंट’वर. किलोत ३० नग बसले तर चढा भाव, ६० बसले तर उतरता. भारतातील कोळंबीशेतीची दिशा या एका मापाने ठरवली आहे. २०२४-२५ मध्ये देशातून सुमारे ७.४ लाख टन गोठवलेली कोळंबी निर्यात झाली. शेतीतल्या मालात तर वन्नामेई या एकाच जातीचे राज्य आहे. पालघर-रायगडच्या तळ्यांतही तीच.

वन्नामेई आली कुठून?

मेक्सिको ते पेरू हा तिचा मूळ किनारा. १९९०च्या दशकाच्या मध्यास पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने आपल्या टायगर कोळंबीची शेती आडवी केली आणि २००९ मध्ये वन्नामेईला परवानगी मिळाली. तिचे प्रजनक नर-मादी विमानाने परदेशातून येतात, चेन्नईच्या विलगीकरण केंद्रातून पुढे बीजकेंद्रांत जातात. ते ‘रोगमुक्त’ असतात, म्हणजे ठरावीक रोगजंतू त्यांच्यात नसतात, इतकेच. रोगाशी झुंजण्याची ताकद असणे ही वेगळी गोष्ट.

वैविध्य आटते कसे?

एक मादी एका वेळी लाखभर अंडी देते. त्यामुळे मोजक्या जोड्यांवर शेकडो तळी भरतात. आयात प्रजनक महाग, म्हणून काही बीजकेंद्रे तळ्यातलीच कोळंबी वाढवून तिच्यापासून बीज काढतात. मग भावंडांचेच संकर होत राहतात. अशा पिढ्यांत वाढ मंदावते, जगण्याचे प्रमाण घसरते. रोगाचा किंवा उष्म्याचा ताण आला की हे अधिक जाणवते. शेतकऱ्याला दिसते ती लहानमोठी, विषम कोळंबी. दोष मात्र पाण्याला नाही तर खाद्याला दिला जातो.

आणि ताटातल्या पोषणाचे काय?

प्रथिनांची काळजी नको. १०० ग्रॅम कोळंबीत सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात. प्रश्न ओमेगा-३ चा आहे. कोळंबीच्या अंगातली चरबी बरीचशी तिच्या खाद्यासारखीच असते. मासळीची कुटी आणि तेल महागले, सोयाबीनची पेंड वाढली, तसे हे मेदही बदलतात. यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो, पण निवड-प्रजननात प्राधान्य मिळते ते वजनाला आणि तग धरण्याला. काउंटवर पैसे मोजणारा व्यापारी मेदाम्लांचे पैसे देत नाही, मग त्यासाठी प्रजनक निवडणार कोण?

सरकारने काय केले?

जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रजनक कोळंबीवरील आयातशुल्क ५ टक्क्यांवर आणले गेले आणि त्याच भाषणात देशात मूळ प्रजनन केंद्रांचे जाळे उभारण्यास अर्थसाह्यही जाहीर झाले. पहिल्याचा लाभ लगेच मिळतो, दुसऱ्याला कित्येक पिढ्यांची निवड लागते. ओढ कुणीकडे राहील, हे सांगायला ज्योतिषी नको. चेन्नईच्या ‘सिबा’ संस्थेने देशी पांढऱ्या कोळंबीच्या, म्हणजे इंडिकसच्या सुधारणेचा कार्यक्रम २०२२ मध्ये हाती घेतला. त्याचे यश टनांत मोजण्याची घाई होऊ नये. सुरुवातीला वेगवेगळ्या किनाऱ्यांवरील किती कुटुंबे घेतली, हे आधी विचारावे. ती कमी असतील तर देशी वाणही तितकाच अरुंद निघेल.

तोवर एक काम सोपे आहे. बीजाच्या प्रत्येक बिलावर प्रजनक आयात केलेले की तळ्यातले, आणि कितव्या पिढीचे, हे छापणे बंधनकारक करावे.