खातेपानाचा क्रमांक

डोंबिवलीत माझ्या पुतण्याचे भांड्यांचे दुकान आहे. गेल्या दिवाळीपूर्वी त्याने उधारीची यादी संगणकातून काढली, तेव्हा एकच घाऊक ग्राहक तीन ठिकाणी आढळला: एकदा पूर्ण नावाने, एकदा आद्याक्षरांनी, एकदा पेढीच्या नावाने. प्रत्येक खात्यावरील बाकी मर्यादेत होती. तिन्हींची बेरीज मर्यादेच्या दुपटीहून अधिक. तोवर त्या ग्राहकाने गाशा गुंडाळला होता.

दोष संगणकाचा नव्हता. प्रत्येक बिलाबरोबर नाव, पत्ता, तालुका, जिल्हा सारे नव्याने टंकले जात होते. आपल्या वडीलधाऱ्यांच्या रोजमेळात नावापुढे खातेपानाचा क्रमांक असे. उरलेला तपशील खातेवहीच्या त्या पानावर. आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० साली तक्त्यांची जी शास्त्रशुद्ध मांडणी सुचविली, तिचे मर्म याहून फार निराळे नाही. ग्राहकांचा तक्ता वेगळा, मालाचा वेगळा, बिलात केवळ त्यांचे क्रमांक. यासच नॉर्मलायझेशन म्हणतात.

आपल्याकडचेच उदाहरण पाहा. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. वसई, डहाणू, जव्हार आदी आठ तालुके तिकडे गेले. ठाणे, कल्याण, भिवंडी आदी सात येथे राहिले. ज्याच्या प्रत्येक बिलावर जिल्हा लिहिलेला, त्याला वसईकडील ग्राहकांची एकेक नोंद शोधणे आले. वस्तुतः जिल्हा ठरतो तो तालुक्यावरून, ग्राहकावरून नव्हे. तालुक्यांचा तक्ता स्वतंत्र असेल, तर आठ ओळी बदलल्या की काम संपले.

मात्र विक्रीच्या दिवशीचा दर बिलातच राहिला पाहिजे. मालाच्या तक्त्यातील दर उद्या बदलेल. कालच्या बिलाची रक्कम बदलता कामा नये. हुशार तरुण संगणकतज्ज्ञही येथे अतिउत्साहात चुकतात.

तक्ता उभारतानाच प्रत्येक रकान्याची व्याख्या करावी लागते. कल्याण-डोंबिवलीचा ०२५१ हा दूरध्वनी संकेतांक संख्या म्हणून साठविला, तर आरंभीचे शून्य गळते. तो अक्षररूपानेच ठेवावा. पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक दोन खात्यांवर एकच येऊ नये, असा निर्बंधही तेव्हाच घालता येतो. मग दुसरे खाते उघडतानाच संगणक अडवतो.

पुतण्याने तो निर्बंध आता घातला आहे. तिन्ही खाती एक झाली. बाकी अद्याप येणेच आहे.