शेपटीवरच्या रंगाला भुलू नका

दोस्तांनो, मुरुडच्या स्टँडवर एसटी आली की तुम्ही आधी काय बघता? पाटी. गाडी जुनी की नवी, हे नंतर. विमानाच्या बाबतीत मात्र आपण उलटं करतो. आधी रंग बघतो, रील काढतो आणि पाटी वाचायची राहूनच जाते.

विमानाच्या रंगसंगतीला ‘लिव्हरी’ म्हणतात. हा कंपनीचा गणवेश. तो किती लवकर उतरतो ते बघा. 2003 साली आलेल्या एअर डेक्कनने आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ आपला चेहरा केला होता. 2008 साली तिचं नाव ‘किंगफिशर रेड’ झालं. किंगफिशरची एटीआर विमानं नांदेड आणि लातूरलाही उतरली. लोक धावपट्टी बघायला गेले. 2012 साली ती कंपनीच जमिनीवर बसली.

मग 27 एप्रिल 2017 ला ‘उडान’ योजनेत ट्रूजेटचं नांदेड-हैदराबाद विमान सुरू झालं. 2022 साली तीही कंपनी थांबली. लिव्हरी देखणी होती, पण देखणेपणावर विमान उडत नाही.

आता स्टार एअर बघा. कोल्हापूरच्या संजय घोडावत समूहाची ही कंपनी जानेवारी 2019 मध्ये सुरू झाली. तिची पहिली विमानं ब्राझीलच्या एम्ब्रेअर कंपनीची, ‘145’ जातीची. 50 सीटा, एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दोन. इंजिनं शेपटीजवळ. 2023 पासून ‘175’ आली. 76 सीटा, इंजिनं पंखांखाली. मार्च 2024 अखेरीस याच कंपनीने नांदेडहून बेंगळुरू, हिंडन आणि जालंधरजवळच्या आदमपूरची सेवा सुरू केली. हुजूर साहिबला येणाऱ्या भाविकांची मोठी सोय झाली.

ही निवड नीट समजून घ्या. पंख्याचं एटीआर इंधन कमी पितं, पण हळू जातं. हैदराबादला ठीक, दिल्लीच्या बाजूला जायला वेळ खातं. 180 सीटांचं मोठं विमान नांदेडहून रोज भरेलच असं नाही. म्हणून मधलं जेट. कंपनी गावात टिकणार की नाही, ते अशा हिशोबावर ठरतं.

दुसरा हिशोब सरकारचा. ‘उडान’मध्ये ठरावीक सीटांचं भाडं बांधलेलं असतं आणि तोटा भरून काढायला कंपनीला मदत मिळते, पण ती तीन वर्षंच. पुढे काय, हाच खरा प्रश्न.

लातूरला देशभरातून पोरं शिकायला येतात. आपल्याकडचे पेशंट हैदराबाद-मुंबईला जातात. नोकरीसाठी बेंगळुरूला गेलेला भाऊ सणाला घरी येतो तो रात्रभर बसमध्ये अंग आखडून. विमान ही आता नुसती चैन राहिलेली नाही. तरी किंगफिशर गेल्यावर लातूरच्या धावपट्टीवर नियमित प्रवासी विमान टिकलं नाही.

त्यामुळे पुढच्या वेळी कुणी स्टेजवरून ‘लातूरला विमान आणतो’ म्हणालं, तर टाळ्या जरा थांबून वाजवा. आधी हात वर करा आणि विचारा: विमान कोणतं? सीटा किती? आठवड्यातून किती दिवस? आणि तीन वर्षांनंतर काय?

रंगाचा थर कागदाएवढाच पातळ असतो. तुम्ही पाटी वाचा.