किरणांपासून रक्षण : औषध आणि विवेक

तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यास आपण हसतो. किरणोत्सर्गापासून वाचविणारे औषध निघाले आहे, एवढे ऐकून निर्धास्त होणाऱ्यांची गतही तशीच आहे, असे आम्हांस वाटते. ते औषध केव्हा व कसे उपयोगी पडते, हे थोडेच लोक पाहतात.

प्राण्यांच्या पेशींत पाण्याचाच भाग मोठा. किरण त्या पाण्याचे रेणू फोडतात आणि त्यांचे उतावळे तुकडे पेशीतील जनुकद्रव्यावर व एन्झाइमांवर, म्हणजे जीवनक्रिया चालविणाऱ्या प्रथिनांवर, तुटून पडतात. १९४९ साली अमेरिकेत, शिकागोनजीकच्या आर्गॉन प्रयोगशाळेत, हार्वे पॅट व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांस सिस्टीन हे गंधकयुक्त द्रव्य टोचून मग त्यांवर क्ष-किरण सोडले. न टोचलेल्या उंदरांपेक्षा हे उंदीर कितीतरी अधिक संख्येने जगले. किरण सोडल्यानंतर टोचले असता मात्र काहीच उपयोग झाला नाही.

पुढे अणुयुद्धाच्या भीतीने अमेरिकन सैन्याच्या वॉल्टर रीड संस्थेने हजारो संयुगे पारखली. त्यांतून अ‍ॅमिफॉस्टिन हाती आले. टोचतेवेळी हे औषध जणू निद्रिस्त असते. निरोगी ऊतींतील अल्कलाइन फॉस्फेटेज नावाचे एन्झाइम त्याचा फॉस्फेटचा भाग काढून टाकते, तेव्हा ते जागे होते. कर्करोगाच्या गाठीत हे एन्झाइम सामान्यतः कमी असते. त्यामुळे रक्षण होते ते मुख्यतः निरोगी भागाचे. किरणोपचाराने डोके-मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांची लाळ आटते. ती आटू नये म्हणून १९९९ साली अमेरिकेत या औषधास मान्यता मिळाली.

रणांगणासाठी शोधलेले औषध रुग्णशय्येपाशी कामास आले, यातच त्याची खरी थोरवी आहे. परंतु त्याने ओकाऱ्या होतात, रक्तदाब उतरतो, आणि ते किरणांच्या थोडाच वेळ आधी शिरेतून द्यावे लागते. रुग्णालयात किरणांची वेळ ठाऊक असते. बॉम्बची वेळ आगाऊ कोण कळविणार? म्हणून अशा औषधाच्या भरवशावर अणुयुद्ध सोसता येईल असे मानणे, हा आमच्या मते घातक भ्रम होय.

विद्यार्थिमित्रांनी हे रसायनशास्त्र अवश्य अभ्यासावे, नवी औषधे शोधावी. ज्या मुक्या प्राण्यांच्या जिवावर हे ज्ञान मिळाले, त्यांचे ऋण रोग्यांची सेवा करूनच फिटेल. विहीर आधीच खणली पाहिजे हे खरे. पण अणुयुद्धापुरती ती विहीर औषधाची नव्हे, विवेकाचीच असावी लागेल.