कैरोचा निकाल आणि कोचीनची जात

"कायदा झाला, निकाल लागला, आता कुठे राहिली जात?" हे आम्हाला रोज ऐकवले जाते. ऐकवणाऱ्यांना आम्ही सोळाव्या शतकातल्या कोचीनला घेऊन जातो.

तिथल्या ज्यूंमधली काही घरे स्वतःला कुलीन समजत. बाकीच्या ज्यूंना ती गुलामांची औलाद म्हणून हिणवत, त्यांच्याशी सोयरीक करत नसत. तोरा एक, शब्बाथ एक, पण बेटीव्यवहार बंद! (आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलांतही गोरे-काळे होतेच.) भांडण इतके पेटले की प्रश्न थेट कैरोला, डेव्हिड इब्न झिम्रा यांच्याकडे गेला. 'रदबाझ' या नावाने प्रसिद्ध असलेले हे रब्बी, म्हणजे ज्यूंचे धर्मशास्त्री. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकलले तेव्हा पोरवयात निर्वासित झालेले, पुढे इजिप्तमधल्या ज्यूंचे प्रमुख. त्यांचे दोन हजारांहून अधिक निवाडे आहेत.

त्यांनी सांगितले, रीतसर धर्मस्नान करून शंका मिटवा. मग हे लोक पूर्ण ज्यू, लग्ने खुशाल करा. नंतर इजिप्तमधल्याच याकोब कास्त्रो यांनीही तोच कौल दिला.

निकाल चांगलाच. पण स्नान कुणी करायचे? ज्याला हिणवले त्याने! हिणवणारा कोरडाच राहिला. पुरावा नसेल तर शंका फेडावी, हा शास्त्राचा मुद्दा आम्हाला कळतो. तरी शंका नेहमी खालच्याच्याच जन्मावर का?

आणि एवढे करून झाले काय? कुलीनांनी दोन्ही निकाल गुंडाळून ठेवले. १५६८ मध्ये परदेशी सिनेगॉग उभे राहिले. तिथल्या मंडळींनी मलबारी ज्यूंशी लग्ने केली नाहीतच, शिवाय स्वतःच मुक्त केलेल्या गुलामांच्या वंशजांनाही पिढ्यान्‌पिढ्या बाकावर बसू दिले नाही.

महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले होते. ठराव दप्तरात, पाणी तळ्यात! २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले, तेव्हा ते पाणी ओंजळीत आले.

कोचीनमध्ये हे काम विसाव्या शतकात अब्राहम बराक सालेम या वकिलाने केले. ते त्याच मुक्त गुलामांच्या वंशातले. त्यांनी परदेशी सिनेगॉगमध्येच सत्याग्रह केला आणि आपल्या लोकांसाठी बाकावरची जागा मिळवली. लग्नाचे दार मात्र त्यानंतरही बराच काळ बंदच होते. रदबाझांच्या निकालाला तेव्हा चारशे वर्षे झाली होती.