डेल्व्ह म्हणजे खणणे

एप्रिल २०२४ मध्ये पॉल ग्रॅहम या अमेरिकी गुंतवणूकदाराने ट्विटरवर लिहिलं, की एका अनोळखी माणसाने नव्या प्रकल्पाबद्दल मेल पाठवला आणि त्यात 'डेल्व्ह' हा शब्द दिसला. बस्स, एवढंच. सुचवायचं होतं ते असं, की हे चॅटजीपीटीने लिहिलंय. नायजेरियातून उत्तरांचा पाऊस पडला: आम्ही हा शब्द वापरतो, शाळेपासून वापरतो.

मी नायजेरियाच्या बाजूने आहे. ती आपलीही बाजू आहे.

आधी शब्द बघू. डेल्व्ह हे अस्सल जुनं इंग्रजी क्रियापद. मूळ रूप 'डेल्फन', अर्थ खणणे. १३८१ च्या शेतकरी उठावात जॉन बॉल या धर्मगुरूने ज्या यमकावर प्रवचन केलं, त्यात आदम जमीन खणतो तो याच क्रियापदाने. म्हणजे हा शब्द मातीतल्या माणसांचा. पुढे रोजच्या खणण्याला 'डिग' रुळलं आणि डेल्व्ह पुस्तकात जाऊन बसलं. आता ते बहुतेकदा 'इंटू' घेऊन येतं: जुन्या कागदपत्रांत, भूतकाळात, नाहीतर पर्समध्ये हात घालून काही शोधताना. आपण 'विषयाच्या खोलात शिरू' म्हणतो, तसंच. तसं म्हणणाऱ्या सरांना कुणी रोबो म्हटल्याचं ऐकिवात नाही.

मशीन हा शब्द जास्त वापरतं, हे खरंय. चॅटजीपीटी आल्यावर वैद्यकीय शोधनिबंधांच्या सारांशांत 'डेल्व्ह्ज' कित्येक पटींनी वाढल्याचं संशोधकांनी मोजून दाखवलंय. पण लाखो सारांशांचा कल वेगळा, आणि एका मेलवरून एका माणसाला खोटं ठरवणं वेगळं. ज्यांच्या लिखाणात हा शब्द आधीपासूनच जास्त येतो, त्यांच्याबाबतीत पुरावा म्हणून त्याची किंमत कमी. इंजिनिअरिंगला बेझचं प्रमेय शिकवतात ते हेच. परीक्षा झाली की विसरायचं असतं का?

आमच्या टीममध्ये एक मुलगी आहे. तालुक्याची शाळा, मराठी माध्यम. तिच्या डिझाइन डॉक्युमेंटमध्ये एक डेल्व्ह होतं. मॅनेजरने सगळ्यांच्या थ्रेडमध्ये टाकलं, "जीपीटी?" आणि डोळा मारणारा इमोजी. ती काही बोलली नाही. पुढच्या डॉक्युमेंटमध्ये सगळी वाक्यं चार-चार शब्दांची. अप्रेझलला तोच मॅनेजर म्हणाला, कम्युनिकेशनवर काम कर.

तिने करायचं काय? आपल्यातल्या कितीतरी जणांचं इंग्रजी रस्त्यावर किंवा घरात आलेलं नाही, ते धड्यांतून, गाइडांतून आणि निबंधांच्या वहीतून आलंय. ते पुस्तकी असणारच. परीक्षेत त्याच शब्दांना मार्क मिळायचे.

आणि साधं लिहून सुटका होते म्हणाल, तर तेही नाही. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेलचे ९१ निबंध सात एआय-डिटेक्टरना दिले. निबंध माणसांचेच, पण सरासरी ६१ टक्क्यांवर मशीनचा शिक्का बसला, कारण शब्दसंग्रह मर्यादित. अमेरिकी आठवीतल्या मुलांचे निबंध जवळजवळ सगळे सुटले. गंमत पुढे आहे: तेच टोफेल निबंध चॅटजीपीटीकडून भारी शब्दांत सजवून घेतले, तर शिक्के धडाधड कमी झाले! म्हणजे साधे शब्द लिहिले तर सॉफ्टवेअर पकडणार, जड लिहिले तर मॅनेजर. सुटणार तो, ज्याच्या घरात इंग्रजी बोलतात.

डेल्व्हबद्दल तक्रारच करायची असेल तर एक रास्त तक्रार आहे. 'पाणी पिण्याच्या पाच फायद्यांमध्ये डेल्व्ह करू या' हे वाक्य वाईट आहे, मग ते कुणीही लिहिलेलं असो, कारण तिथे खणण्यासारखं काही नाही. त्या मुलीच्या डॉक्युमेंटमध्ये मात्र डेल्व्हच्या खाली तीन आठवड्यांचे लॉग्ज होते, कॅशे कुठे आणि का अडकतो याचा माग होता. थ्रेडमध्ये त्यावर एकही प्रश्न आला नाही.