पेन चालवणार असाल, तरच

प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की या स्तंभाकडे येणारे प्रश्न एकाच जागी येऊन थांबतात. मुलीला लोणी, संगमनेर किंवा कोपरगावला इंजिनिअरिंगची जागा मिळाली, मुलाचा राहुरीच्या कृषी विद्यापीठात नंबर लागला. आता यंत्र कोणतं घ्यायचं? यंदा त्याला जोडून आणखी एक प्रश्न येतो. लॅपटॉपही होतं आणि टॅबही होतं, असं ते टू-इन-वन घेतलं तर एकाच खर्चात दोन्ही कामं भागतील ना?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. पडद्यावर रोज पेनाने लिहायचं काम असेल तर जरूर घ्या. ते नसेल तर घेऊ नका. त्याच पैशात जास्त मेमरीचा, जास्त टिकाऊ साधा लॅपटॉप येतो, आणि वाचायला, व्हिडिओ पाहायला खिशात मोबाइल आहेच. हे यंत्र बहुतेक घरांत उसाच्या बिलातून, कांद्याच्या पैशातून किंवा पतसंस्थेच्या कर्जातून येतं. चार-पाच वर्षं ते बदलता येणार नाही. त्यामुळे दुकानात पडदा गर्रकन फिरवून दाखवला, यावर निर्णय होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

टू-इन-वन या नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एकीची बिजागरी ३६० अंशांत फिरते, कीबोर्ड पाठीमागे दुमडला जातो. लेनोवोने २०१२ साली ‘योगा’ या नावाने हा प्रकार रूढ केला. हा मुळात लॅपटॉपच. वजन दीड किलोच्या आसपास, म्हणजे टॅबसारखा एका हातात धरून वाचत बसणं फार वेळ जमत नाही. दुसऱ्या प्रकारात सगळं यंत्र पडद्याच्या मागे असतं, कीबोर्ड चुंबकाने चिकटतो आणि सुटा होतो, पडदा पाठीमागच्या टेकूवर उभा राहतो. मायक्रोसॉफ्टचं सरफेस किंवा कीबोर्ड लावलेला आयपॅड या जातीचा. हा मुळात टॅबच.

दुसऱ्या प्रकाराची अडचण टेबल नसलं की कळते. टेकूला मागे वीतभर सपाट जागा लागते. आपल्याकडे अभ्यास होतो तो जमिनीवर मांडी घालून, पलंगावर, होस्टेलच्या कॉटवर. पाथर्डी-जामखेडहून नगरला रोज ये-जा करणाऱ्याचा एसटीत. मांडीवर टेकू घसरतो, पातळ कीबोर्ड मधोमध वाकतो, आणि दहा पानांचा प्रोजेक्ट रिपोर्ट टाइप करताना मान-पाठ भरून येते. बिजागरीचा लॅपटॉप मांडीवर नीट बसतो. घरात लिहायचं टेबल नसेल तर सुट्या कीबोर्डचं यंत्र घेऊ नका, हे मी ठामपणे सांगतो. दुकानात उभ्याने काउंटरवर टाइप करून पाहू नका. खुर्ची मागा, यंत्र मांडीवर घ्या आणि मराठीत निदान पानभर मजकूर टाइप करा. विंडोजमध्ये मराठीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड असतोच, २०१९ पासून फोनेटिकही मिळतो, तेव्हा दुकानदाराला काही टाकून द्यावं लागत नाही.

आता पेनाकडे येतो, कारण या यंत्राचा खरा जीव तिथे आहे. कीबोर्डवर गणित लिहिता येत नाही. इंटिग्रल, मॅट्रिक्स, बेंझिनचं कडं, ट्रसवरच्या बलांची आकृती, सर्किट, हे सगळं हातानेच उतरतं. पहिल्या दोन वर्षांचं इंजिनिअरिंग बहुतांशी याच गोष्टींचं असतं. सरांनी दिलेल्या पीडीएफच्या समासात तिथल्या तिथे सोडवलेलं उदाहरण परीक्षेच्या आधी शोधून काढता येतं. वहीतलं पान हरवतं. ज्या मुलांना लिहून लिहूनच समजतं, त्यांच्यासाठी हा पैसा वाया जात नाही.

विद्यार्थ्यापेक्षाही जास्त उपयोग शिक्षकाला होतो, असं माझं मत आहे. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. जिल्हा परिषदेच्या ज्या शाळेत प्रोजेक्टर किंवा मोठा टीव्ही आहे तिथे पुस्तकाचं पान पडद्यावर घेऊन त्यावरच अधोरेखित करता येतं, भागाकाराची पायरी मुलांसमोर मांडता येते, आणि तास संपल्यावर तेच पान पालकांच्या ग्रुपवर पाठवता येतं. मराठी टायपिंग कधी शिकलेच नाहीत अशा ज्येष्ठ शिक्षकांना आणखी एक सोय आहे. अँड्रॉइड टॅबवर गुगलच्या जीबोर्डमध्ये बोटाने किंवा पेनाने देवनागरी लिहिलं की त्याचा टंकित मजकूर होतो. रांगेत दुसरा नंबर लागतो राहुरीच्या विद्यार्थ्याचा. वाफ्यात उभं राहून रोपाच्या फोटोवर खूण करायची, निरीक्षण तिथेच नोंदवायचं, याला टॅबच हवा. मात्र त्याने पडद्याची चमक विचारून घ्यावी. साध्या लॅपटॉपचा पडदा अडीचशे-तीनशे निट्सचा असतो. एप्रिलच्या उन्हात त्यावर काही दिसत नाही. शेतात वापरायचं तर पाचशेच्या खाली जाऊ नये.

पण पेन म्हणजे दोनशे रुपयांचा रबरी टोकाचा पेन नव्हे. त्याने लिहिताना तळहात पडद्याला टेकला की तिथेही रेघोट्या उमटतात. पडद्याखाली पेन ओळखणारा थर असावा लागतो, आणि त्यातही वॅकॉमची पद्धत वेगळी, मायक्रोसॉफ्टची वेगळी, ॲपलची वेगळी. एकाचा पेन दुसऱ्यावर चालत नाही. दुकानातच दोन ओळी लिहा, हात पूर्ण टेकवून लिहा. रेघ पेनाच्या मागे रेंगाळत असेल तर तिथेच थांबा.

पेन आणि कीबोर्ड खोक्यात आहेत की वेगळे घ्यायचे, हा पुढचा प्रश्न, आणि जाहिरातीतली किंमत इथे फसवते. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ए-१६ चिपच्या आयपॅडचं उदाहरण घ्या. बाजारात आला तेव्हाची त्याची किंमत ३४,९०० रुपये. ॲपलचा त्यावर बसणारा कीबोर्ड २४,९०० आणि सी-पिनचा पेन ७,९००. लॅपटॉपसारखं काम करायचं ठरवलं की बेरीज ६७,७०० होते, म्हणजे मूळ किमतीच्या जवळजवळ दुप्पट. सवलतीत आकडे खाली येतात, प्रमाण फारसं बदलत नाही. कोटेशन मागताना तिन्ही वस्तूंचं एकत्र मागा, आणि कीबोर्डला वॉरंटी किती हे बिलावर लिहून घ्या.

या यंत्रांना स्वतःचा इतिहास आहे, आणि तो आठवणीत ठेवण्यासारखा आहे. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०१२ मध्ये सरफेस आरटी आणलं. दिसायला देखणं, विंडोजसारखं, पण जुने विंडोज प्रोग्राम त्यावर चालतच नव्हते, कारण आतली चिप मोबाइलच्या जातीची, आर्म होती. लोकांनी पाठ फिरवली आणि जुलै २०१३ मध्ये कंपनीला त्या साठ्यापोटी ९० कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवावा लागला. त्याच सुमारास इंटेलच्या ‘क्लोव्हर ट्रेल’ ॲटम चिपवर अनेक कंपन्यांनी टू-इन-वन काढली. २०१७ साली, म्हणजे चार-पाच वर्षांतच, विंडोज १० च्या नव्या आवृत्त्या त्या चिपवर बसणार नाहीत असं जाहीर झालं. पुढे फक्त सुरक्षेचे अपडेट मिळत राहिले.

आपल्याकडे २०१५ साली मायक्रोमॅक्सचा ‘कॅनव्हास लॅपटॅब’ १४,९९९ रुपयांना आला. दहा इंची पडदा, कीबोर्ड सोबत, खरंखुरं विंडोज, आणि किंमत सामान्य घराला झेपणारी. पण मेमरी २ जीबी आणि साठवण ३२ जीबी. विंडोज स्वतःच त्यातली मोठी जागा खातं. एवढ्या साठवणीच्या यंत्रांवर विंडोज १० चढवताना जागा कमी पडली तर बाहेरून पेनड्राइव्ह लावावा लागे. त्या किमतीत कंपनीला याहून जास्त देता आलं नसेल हे मी समजू शकतो. पण ज्या घराने मुलाच्या तीन वर्षांच्या शिक्षणासाठी ते घेतलं त्याला त्या ३२ जीबीची किंमत फार मोजावी लागली. आज विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी साठवणीची आहे. किमान म्हणजे यंत्र सुरू होण्यापुरतं. मी ८ जीबी आणि २५६ जीबीच्या खाली कुणालाही जाऊ देत नाही, इंजिनिअरिंगवाल्यांना १६ जीबी सांगतो. टू-इन-वनमध्ये मेमरी बहुतेक वेळा बोर्डावरच डकवलेली असते. आता ८ घेऊ, पुढे वाढवू, हा साध्या लॅपटॉपचा हिशेब इथे चालत नाही.

आर्म चिप आता परत आली आहे, पुष्कळ सुधारून. जून २०२४ पासून क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्स चिपची विंडोज यंत्रं विकली जात आहेत. बॅटरी दिवसभर चालते, यंत्र तापत नाही, आणि बरेच जुने प्रोग्राम भाषांतराच्या थरातून चालतात. भारनियमनाच्या गावात दिवसभराची बॅटरी हे लहान सुख नाही. पण ड्रायव्हरचं भाषांतर होत नाही. तो त्या चिपसाठी वेगळा बनवलेला लागतो. कार्यालयातला जुना प्रिंटर, महा ई-सेवा केंद्रातलं अंगठ्याचं मशीन, ठेकेदाराचं किंवा कर सल्लागाराचं डिजिटल सिग्नेचरचं टोकन, यांतली एखादी वस्तू अडली की दिवसाचं काम अडतं. हा धंदा करणाऱ्यांनी आर्मच्या वाटेला सध्या जाऊ नये. मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या विद्यार्थ्यांनीही आपलं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर त्या चिपवर अधिकृतपणे चालतं का, हे सिनिअरला नव्हे, सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या अटींत पाहावं. चिपसारखंच गावातलं नेटवर्कही आधी पाहावं. क्षेत्रफळाने राज्यातल्या सर्वांत मोठ्या आपल्या नगर जिल्ह्यात राजूर-भंडारदऱ्याकडची गावं अशी आहेत की नेटवर्क टेकडीवर शोधावं लागतं. तिथे नेटवर जास्त विसंबणारं क्रोमबुक घेऊन मुलाला घरी पाठवू नका.

दुरुस्तीचा विचार लोक सर्वांत शेवटी करतात, मी तो आधी करायला सांगतो. साध्या लॅपटॉपचा कीबोर्ड किंवा बॅटरी संगमनेर, श्रीरामपूर, शेवगावचा कारागीर बदलून देतो. टू-इन-वनचा पडदा म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले एकत्र चिकटवलेले. फुटला तर सगळा संच बदलावा लागतो. आयफिक्सिट ही संस्था यंत्रं उघडून दुरुस्तीसुलभतेचे गुण देते. २०१७ च्या सरफेस प्रोला तिने दहापैकी एक गुण दिला होता. पुढे बदल झाला, २०२२ च्या सरफेस प्रो ९ ला सात मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण सेकंड हँड बाजारात स्वस्तात मिळतात ती बहुधा जुनीच. सरफेस प्रो ४ आणि २०१७ चा सरफेस प्रो यांच्या चिप विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत, आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वीस हजारांत सरफेस मिळतंय म्हणून कुणी हुरळून गेलं असेल तर त्याला हे जरूर सांगा. रिफर्बिश्ड घ्यायचंच असेल तर इंटेलच्या आठव्या पिढीच्या पुढचा कंपनी वापरातला साधा लॅपटॉप घ्यावा. नवं घेताना, खराब झालं तर ते कुठे द्यायचं, हे गावाच्या नावासकट विचारा. जामखेडहून नगर पंच्याहत्तर किलोमीटरच्या आसपास आहे; तिथून यंत्र पुण्याला जाणार असेल तर सेमिस्टरचा मोठा भाग त्यातच जातो. अपघाती नुकसानीचं वॉरंटी संरक्षण साध्या लॅपटॉपला मी ऐच्छिक मानतो. टू-इन-वनला ते घ्यायलाच हवं.

ज्यांच्या हातात टॅब आधीच आला आहे त्यांच्याबद्दलही बोललं पाहिजे. महाज्योती ही राज्य सरकारची संस्था इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी टॅब आणि इंटरनेट डेटा देते. ज्या घरात एकच मोबाइल आणि तो बापाच्या खिशात, तिथे या टॅबने मोठा फरक पडतो. अशा मुलांनी बारावीपर्यंत दुसरं काही घेऊ नये. जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी संगणकावर होतात, उत्तर माउसने निवडायचं, कच्चं काम कागदावर. म्हणून टॅबला ओटीजी केबलने साधा माउस जोडा, सराव परीक्षा बोटाने न देता माउसने द्या. मोठ्या खरेदीचा निर्णय प्रवेश पक्का झाल्यावर, शाखा कळल्यावर घ्या. कॉम्प्युटरला गेलेल्या मुलाचं काम बहुतेक सगळं कीबोर्डवर असतं. त्याला पेनाच्या यंत्राची गरज मला दिसत नाही.

आणि एक मागणी महाविद्यालयांकडे. वसंतदादा पाटलांच्या सरकारने १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली आणि प्रवरा, अमृतवाहिनी, संजीवनी या संस्था त्याच काळात उभ्या राहिल्या. ग्रामीण घरातली पहिली इंजिनिअर पिढी त्यांनी घडवली. प्रवेशाच्या पुस्तिकेत फी, होस्टेल, बस सगळं छापलेलं असतं. त्यात शाखेनुसार एक पान यंत्राचं टाकावं: चार वर्षांत कोणतं सॉफ्टवेअर लागेल, किमान मेमरी किती, कोणती चिप चालत नाही, प्रयोगशाळेतले संगणक संध्याकाळी किती वाजेपर्यंत खुले असतात. शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची आहे, कारण प्रयोगशाळा रात्री आठपर्यंत उघडी राहणार असेल तर पहिल्या वर्षी कितीतरी घरांना काहीही विकत घ्यावं लागणार नाही.